नावाचं कडवं

समन्स घेऊन पोलीस शिपाई आला तेव्हा आम्ही बाया दुरपतामावशीच्या अंगणात चिंचेखाली बिड्या वळत बसलो होतो. शिपायाने सायकल कुडाला टेकवली आणि हातातल्या कागदावरचं नाव मोठ्याने वाचलं.

"दुरपता सुखदेव टेंभुर्णे कोण आहे?"

सगळ्यांनी माना सुपात घातल्या. पोलीस दिसला की नाव सांगायचं नाही, एवढं आम्हाला लहानपणापासून कळत होतं. कवडाबाई तर सूप घेऊन घरातच शिरली. दुरपतामावशीने हातातली बिडी पुरती वळली, तिचं तोंड दुमडलं, दोरा बांधला आणि मग वर पाहिलं.

"मीच जी. काय आनलं?"

"कोर्टाचा कागद आहे. तुमच्यावर खटला भरला आहे."

"कायचा?"

शिपायाने कागद पुन्हा वाचला. त्यालाही तो नीट कळलेला दिसत नव्हता. "गाण्याचा," तो म्हणाला.

आमच्यातली एक जण फिसकन हसली. मावशी हसली नाही. तिने पदराला हात पुसले, कागदावर अंगठा उठवून दिला आणि शिपायाला पाणी विचारलं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. आमचं गाव जांभूळबोडी, जुन्या भंडारा जिल्ह्यातलं. धानाची कामं सरली की गावातल्या निम्म्या बाया बिड्या वळायच्या. पानं, तंबाखू आणि दोरा सट्टेदाराकडून आणायचा, घरी बिड्या वळायच्या आणि त्याच्याच ओसरीवर नेऊन द्यायच्या. आमचा सट्टेदार झनकलाल. तो गादीवर बसून बिड्यांची जुडी हातात घ्यायचा, डोळ्यांपुढे फिरवायचा आणि त्यातल्या मनाला येतील तितक्या बिड्या उपसून बाजूच्या टोपलीत टाकायचा. ही छाट. छाटीची मजुरी नाही, वर तितक्या बिड्या आपल्या पानातून भरून द्यायच्या. संध्याकाळी टोपली गोणीत रिकामी व्हायची, आणि गोणी चांगल्या बिड्यांच्या गोण्यांसोबत गाडीत चढून कारखान्यात जायची. आम्हाला सगळ्यांना हे दिसत होतं. बोलत कोणी नव्हतं.

दुरपतामावशीने त्याचं गाणं केलं.

ती माझी सख्खी मावशी नव्हती. आमचं घर तिच्या घराला लागून होतं आणि माझी आई गेल्यावर मी तिच्याच चुलीजवळ वाढले. तिचा बाप जलशात ढोलकी वाजवायचा. लहानपणी ती त्याच्यामागे बसून गावोगाव हिंडली होती. शाळेचं तोंड तिने पाहिलं नाही. पण बोटं पानावर फिरायला लागली की तिच्या ओठांवर काहीतरी जुळायला लागायचं. पाटलाच्या विहिरीवर आमच्या बायांना तासन् तास ताटकळत ठेवायचे, त्यावर तिने गाणं केलं. शाळेत आमच्या पोरींना मागच्या भिंतीशी बसवायचे, त्यावरही केलं. ती रचायची, मी आणि इतर दोघी-तिघी झील धरायचो, म्हणजे तिच्यामागून ओळ उचलायचो, आणि महिन्याभरात ते गाणं नदीपलीकडच्या गावांत जाऊन पोचायचं. एकदा एका लग्नात परक्या गावच्या बाया तिचं विहिरीचं गाणं म्हणत होत्या. मावशी त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि विचारलं, "हे कोनाचं गानं वं?" त्यातली म्हातारी म्हणाली, "लय जुनं हाय बाई. आमच्या सासूच्या सासूपासून चालत आलं." मी हसायला लागले. मावशी मात्र तिथून उठून सरळ घराकडे निघाली.

छाटीचं गाणं आम्ही पहिल्यांदा बाजाराच्या दिवशी बिडी कामगारांच्या सभेत म्हटलं.

सूप मांडीवर, कातर हाती, पान कापते मापात,
चांगल्या माह्या बिड्यायले सट्टेदार टाकते छाटात.
छाट हाय तं मोड नं बिडी माह्या डोळ्यासमोर,
गोणीत भरून कुठं नेतेस, सांग रे बिडीचोर!

'बिडीचोर' हा शब्द बाजारभर झाला. झनकलाल रस्त्याने निघाला की पोरं मागून ओरडायची आणि बोळात पळून जायची. त्या साली तो सोसायटीच्या निवडणुकीला उभा होता. पडला. पडल्यावर आठच दिवसांत त्याने कोर्टात बदनामीची फिर्याद दिली.

*

आमची बाजू खानोरकर वकिलांनी घेतली. ते तालुक्याला राहायचे आणि बिडी कामगार युनियनचे सेक्रेटरीही तेच होते. मोठा सज्जन माणूस. खादीचा सदरा, जुनी सायकल, आणि आमच्या खटल्यांची कधी फी घेतली नाही. सभेत आमचं गाणं तेच जाहीर करायचे. "आता आपल्या भगिनी एक लोकगीत सादर करतील," असं म्हणून ते स्वतः आधी टाळ्या वाजवायचे.

त्यांच्या पडवीत आम्ही तिघं बसलो, मावशी, मी आणि मावशीचा नवरा सुखदेवमावसा. वकीलसाहेबांनी खटला समजावून सांगितला. हरलो तर कैद होऊ शकते, आणि एकदा शिक्षा झाली की जिल्ह्यातला कुठलाच सट्टेदार मावशीला पान देणार नाही.

"पण घाबरू नका," ते म्हणाले. "हा खटला उभाच राहत नाही. तुम्ही एवढंच सांगायचं, गाणं जुनं आहे, आजीकडून ऐकलं. कोणी रचलं माहीत नाही. गाणं जर झनकलालच्या आधीपासूनचं असेल, तर ते त्याच्यावर कसं असेल?"

"माह्या आजीनं बिडी पाह्यली नवती साहेब," मावशी म्हणाली. "ते धान लावे."

साहेब हसले. "बरं, मग आईकडून. येसू साक्ष देईल की तिनेही लहानपणी ऐकलं आहे. देशील ना गं?"

"देईन जी," मी म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मावशी सुटणार होती.

"मंग गानं कोनाचं?" मावशीने विचारलं.

"कोणाचंच नाही. लोकांचं."

"लोकायचं म्हंजे?"

"म्हणजे सगळ्यांचं."

"सगळ्यायचं असतं तं समन्स सगळ्यायले आलं असतं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाटलं बाई विनोद करते आहे. "दुरपताबाई, कोर्टात असं बोलू नका," ते म्हणाले, आणि पुढच्या तारखेचं सांगायला लागले.

दुसऱ्या दिवशी झनकलालचा मुनीम पुंडलिक आमच्या अंगणात आला. आजवर तो आमच्या वस्तीत कधी आला नव्हता. चिंचेखाली उभा राहूनच बोलला.

"मालकाले भांडन वाढवायचं नाई. तू फक्त लिहून दे, का गानं माह्यं नाई. माहीत नाई कोनाचं हाय. मालक फिर्याद मागं घेतीन. कामबी चालू राह्यन, अन् सुखदेवची गाडीबी."

सुखदेवमावसा झनकलालची बैलगाडी हाकायचा. बैल झनकलालचे, गाडी झनकलालची. मावसा मुळात कमी बोलणारा माणूस. तो दाराशी बसून दोर वळत होता. त्याने मान वर केली नाही.

"अन् नाई दिलं तं?" मावशीने विचारलं.

"नाई कायले देशीन? दोन शब्दायचं तं काम हाय."

"मुनीमजी," मावशी म्हणाली, "तुमचा मालक मनते गानं माह्यं नाई असं सांग. माहा वकीलबी तेच मनते. दोघायचं इतलं जमते तं भांडन कायचं हाय?"

मुनीमाने टोपी सारखी केली. विचार कर म्हणाला आणि गेला.

त्या संध्याकाळी जेवताना मावसा आपणहून बोलला. मी तिथेच भाकरी थापत होते.

"छाटीच्या गोण्या माह्या गाडीतून जातेत," तो म्हणाला. "कारखान्याच्या एकाच दारानं सगळ्या आत जातेत. वेगळ्या ठेवत नाई कोनी. मी सोता उतरवतो."

"मले माहीत हाय."

"कोर्टात सांगू का?"

मावशीने ताट बाजूला सरकवलं. "सांगाल तं गाडी जाईन."

"तुह्यं काम जानार हायच. एकटीचं कायले जाऊ दे?"

"कोनी विचारंल तं सांगा," ती म्हणाली. "आपून होऊन उठू नका." मग माझ्याकडे वळली. "येसू, तू काय सांगशीन?"

"वकीलसाहेब मनतीन ते."

"बरं," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटवली.

*

तारखेच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. आसपासच्या गावांतून बाया चालत आल्या होत्या. ज्यांना आत जागा मिळाली नाही त्या खिडक्यांशी उभ्या राहिल्या. मॅजिस्ट्रेट तरुण होते. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता, त्याच्याकडे ते मधूनमधून त्रासून पाहत होते.

आधी झनकलालची साक्ष झाली. पांढरं धोतर, कपाळाला गंध. आपण इज्जतदार माणूस आहोत, या गाण्याने गावात तोंड दाखवणं मुश्कील झालं, असं त्याने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज खरोखरच भरून आला. मग खानोरकर उठले.

"छाट म्हणून जी बिडी तुम्ही बाजूला टाकता, तिचं काय करता?"

"फेकतो जी."

"कारखान्यात पाठवत नाही?"

"छाट बिडी कोन घेते साहेब? तो तं कचरा हाय."

"तुम्ही शपथेवर आहात."

"शपथेवरच सांगतो. कचरा हाय. मोडून फेकाच्या लायकीचा."

खिडकीतून एक कुजबुज आत आली आणि विरली. खानोरकरांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि ते खाली बसले.

त्यानंतर मुनीम पुंडलिक. सभेत बसून त्याने गाणं उतरून घेतलं होतं. तो कागद कोर्टात दाखल झाला होता आणि कारकुनाला तो वाचायला सांगण्यात आलं. कारकुनाने एका सुरात, जमिनीचा सातबारा वाचावा तसं आमचं गाणं वाचलं. "तंबाखूची धूळ घरात, चुलीत अन् पाळण्यात. लेकरू माह्यं खोकत वाढे, तुह्यं झुले झोपाळ्यात." चाल नाही, टाळी नाही. मावशीचे ओठ मिटलेले होते, पण उजव्या हाताची दोन बोटं आरोपीच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेका धरत होती आणि कारकून चुकला की थांबत होती.

खानोरकरांनी पुंडलिकाला विचारलं, "किती बाया गात होत्या?"

"आठ-दहा असतीन."

"गाणं यांच्यापैकी कोणी रचलं, हे तुम्हाला माहीत आहे?"

पुंडलिकाने झनकलालकडे पाहिलं. "सगळे मनतेत का दुरपतानं केलं."

"तुम्ही पाहिलं रचताना?"

"नाई जी."

खानोरकर समाधानाने बसले. खटला जिंकल्यातच जमा होता. मला त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, की तुझी वेळ येते आहे.

मग मॅजिस्ट्रेटनी मावशीला विचारलं, "बाई, तुम्ही पुरावा ऐकला. हे गाणं तुमचं आहे का?"

"हे नाई जी," मावशी म्हणाली.

झनकलालने मान डोलावली. खानोरकरांनीही डोलावली.

"हे अर्धं हाय," मावशी म्हणाली. "शेवटचं कडवं नाई याच्यात."

कारकुनाने हातातला कागद उलटून पाहिला.

शेवटचं कडवं होतं, हे मला माहीत होतं आणि झील धरणाऱ्या दोघी-तिघींना. तिच्या प्रत्येक गाण्याला ते असायचं. बापाच्या जलशात शिकलेली रीत होती ती, शेवटी कवीने आपलं नावगाव गुंफायचं. पण सभेत ते आम्ही म्हणत नव्हतो. खानोरकरांनीच सांगितलं होतं. नाव आलं की गाणं एकटीचं होतं, चळवळीचं राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ते इतक्या चांगल्या मनाने सांगितलं होतं की मावशीने तेव्हा 'बरं जी' म्हटलं. गावोगाव गाणी गेली ती अशी, शेपटाविना.

खानोरकर घाईने उठले. "साहेब, माझ्या अशिलाला प्रश्न समजलेला नाही..."

"समजला जी," मावशी म्हणाली.

"बसा वकीलसाहेब," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "शेवटचं कडवं काय आहे?"

"सांगू, का मनू?"

मॅजिस्ट्रेटनी पेन खाली ठेवलं. "जसं आहे तसं."

मावशीने पदर खोचला. कठड्यावर तळहाताने ठेका दिला. भर कोर्टात, खिडक्यांपलीकडच्या पटांगणापर्यंत जाईल अशा खुल्या आवाजात तिने ते म्हटलं.

बिडीवर छाप दुसऱ्या नावाची, वळली माह्या हातानं,
गान्यावर छाप माह्या नावाची, गाते माह्या तोंडानं.
कोनी पुसलं गानं कोनाचं, लपवू नका गं नाव,
दुरपता मी टेंभुर्न्यांची, जांभूळबोडी गाव!

शेवटच्या ओळीला झील धरायची असते. मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. माझा आवाज मलाच ऐकू आला आणि पाठोपाठ खिडकीतून बायांचा. शिपाई "चूप, चूप" ओरडत धावला, पण तोवर ओळ संपली होती.

मॅजिस्ट्रेटनी टेबलावर हात आपटला. सगळं शांत झाल्यावर त्यांनी मावशीला विचारलं, "म्हणजे गाणं तुम्ही रचलं, असं तुम्ही कबूल करता?"

"हो जी. मीच केलं. याच झनकलालवर केलं. नाव बरोबर लिवा जी. कामाच्या कार्डावर नवऱ्याचं नाव हाय, बिडीच्या पुड्यावर कारखान्याचं. हे एवढंच माह्या नावावर हाय."

"याचा परिणाम काय होईल माहीत आहे?"

"वकीलसाहेबानं सगळं सांगितलं हाय. तरीबी लिवा."

*

मधल्या सुट्टीत खानोरकर कोर्टाच्या वडाखाली उभे होते. मी त्यांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, जिंकलेला खटला तुम्ही बुडवलात! एक 'माहीत नाही' म्हणायचं होतं."

"साहेब, तुमी रागवा. तुमचा हक हाय," मावशी म्हणाली. "पन मी आजवर लय 'माहीत नाई' म्हनलं. विहिरीवर कोनी ढकललं, माहीत नाई. पोरीले शाळेत कोनी मारलं, माहीत नाई. हे गानं मी केलं, हे तं मले माहीत हाय नं?"

"मग आता दुपारनंतर मी काय सांगू कोर्टाला?"

"गानं खरं हाय असं सांगा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग वडाच्या पारावर बसले. तिथून त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"खरं असेल आणि लोकांच्या हिताचं असेल तर कायद्यात बचाव आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "अवघड आहे. पण आहे. त्या गोण्या कारखान्यात जातात, हे कोणी पाहिलं आहे?"

सुखदेवमावसा मागेच उभा होता. "मी पाह्यलं जी," तो म्हणाला. "मीच नेतो."

दुपारी आधी माझी साक्ष झाली. उलटतपासणीत झनकलालच्या वकिलाने मला पहिलाच प्रश्न विचारला, "तू हे गाणं लहानपणी ऐकलंस ना?" कुठून तरी त्याला आमचा बेत कळला असावा. मी मावशीकडे पाहिलं नाही. सरळ मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे पाहिलं.

"नाई जी. हे गानं दुरपता टेंभुर्नेचं हाय. यंदाच्या उन्हाळ्यात तिनं केलं, माह्यासमोर. मी झील धरली. अन् माह्या बिड्या मी सोता छाटीच्या टोपलीत पडताना पाह्यल्या, अन् टोपली गोणीत जाताना."

मग मावसा. तो नेमकं तेवढंच बोलला जेवढं त्याला माहीत होतं. कुठून गोणी उचलतो, कुठे उतरवतो, कुठल्या दाराने आत जाते. झनकलाल त्याच्याकडे एकटक बघत होता. मावशाने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. साक्ष संपवून तो बाहेर आला आणि म्हणाला, "बैलायले पानी कोन पाजते आता, कोनास ठाऊक." त्याच दिवशी गाडी गेली.

निकाल पुढच्या तारखेला लागला. आरोपीचा नवरा म्हणून मावशाची साक्ष विश्वासार्ह मानली नाही, माझीही नाही. दंड, आणि न भरल्यास एक महिना साधी कैद. खानोरकरांनी लगेच खिशात हात घातला. बायांनी पदराच्या गाठी सोडायला सुरुवात केली.

"कोनी भरू नका," मावशी म्हणाली.

"दुरपताबाई, हट्ट करू नका. आपण वर अपील करू."

"करा नं साहेब. पन आज दंड भरला तं गावात झनकलाल म्हनंल, चुकली म्हून भरला. मी महिनाभर बसून येते."

तिने कानातल्या रिंगा काढून माझ्या हातात दिल्या आणि शिपायासोबत चालायला लागली. बाया रडत होत्या. ती फाटकाशी थांबली आणि वैतागून म्हणाली, "रडता कायले वं? झील धरनारीनं रडू नाई. आवाज बसते."

*

त्या आठवड्यात मी बिड्या घेऊन झनकलालच्या ओसरीवर गेले. मला पान द्यायचं बंद होणार हे दिसतच होतं. हा माझा शेवटचा हिशोब होता. ओसरी बायांनी भरलेली होती. झनकलालने माझी जुडी उचलली, पाहिल्यासारखं केलं आणि मूठभर बिड्या टोपलीत फेकल्या.

मी पुढे झाले. टोपलीतून माझ्या बिड्या उचलल्या आणि त्याच्यासमोर दोन्ही हातांनी मोडल्या. तंबाखूचा भुगा गादीवर सांडला.

"काय करून राह्यली?" तो ओरडला.

"कचरा हाय नं? मोडून फेकाच्या लायकीचा. कोर्टात शपथेवर सांगितलं तुमी, सगळ्यायनं ऐकलं."

"टोपलीले हात लावू नको!"

"टोपली तुमचीच हाय मालक. मी कचरा मोडला."

तो पुंडलिकाकडे बघायला लागला. पुंडलिक वहीत डोकं घालून बसला. छाट चांगली आहे म्हणावं, तर कोर्टात खोटी शपथ घेतल्यासारखं होतं. वाईट आहे म्हणावं, तर मोडू द्यायला हवी होती. एवढ्यात मागून कवडाबाई उठली. पोलीस दिसला की घरात शिरणारी कवडाबाई. तिने काही न बोलता आपल्या छाटीच्या बिड्या वेचल्या आणि मोडल्या. मग दुसरी उठली, मग तिसरी. ओसरीवर तंबाखूची इतकी धूळ उडाली की सगळ्या शिंकायला लागल्या आणि शिंकता शिंकता हसायला लागल्या. झनकलाल नाकाला धोतराचा सोगा लावून आत निघून गेला.

पुढच्या आठवड्यात त्याच्या टोपलीत जेमतेम दोन-चार बिड्या पडल्या. शेजारच्या गावात बायांनी तेच केलं. मग नदीपलीकडे. खानोरकर सायकलवरून गावोगाव हिंडून झनकलालच्या साक्षीची नक्कल वाचून दाखवत होते. मला पान बंद झालं, पण बाकीच्या बाया आपल्या पानातलं थोडं थोडं मला आणि मावशाला देत राहिल्या.

महिना संपायच्या आधी मी जिल्ह्याच्या तुरुंगात मावशीला भेटायला गेले. जाळीच्या पलीकडे ती बसली होती. अंगावर जाडंभरडं लुगडं, चेहरा उतरलेला, पण डोळे लकलकत होते. मी तिला सगळं सांगितलं. कवडाबाईचं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की दारावरची पोलीसबाई आत डोकावली.

"कवडा? आपून होऊन?"

"आपून होऊन. एक शब्द बोलली नाई."

मावशीने जाळीवर कपाळ टेकवलं. मी म्हणाले, "मावशी, सगळ्या गावात तुह्यंच गानं चालू हाय. शेवटच्या कडव्यासकट."

"चालू दे," ती म्हणाली, आणि डोळे पुसून सरळ बसली. "पन छाट तं आता बायाच मोडतेत. त्या गान्याचं काम झालं वं. पुढचं पाह्यजे."

"सुटून ये आधी. मंग कर."

"केलं हाय. इथं दुसरं काय काम हाय? माह्यासंग चौदा बाया हायत या कोठडीत. एकीलेबी माहीत नाई आपल्यावर खटला कायचा हाय, तारीख कधी हाय. कोनी विचारत नाई त्यायले. त्यायचं हाय गानं. तू पाठ कर अन् आजच खानोरकर साहेबाले जाऊन मनून दाखव. त्यायले सांग, या बायायचे वकील व्हा म्हनावं."

"इथं? आता?"

"मंग कवा?"

तिने जाळीच्या लोखंडी पट्टीवर बोटांनी ठेका धरला आणि हलक्या आवाजात पहिली ओळ म्हटली. मी ती मागून म्हटली. दुसऱ्या ओळीला पलीकडे अंधारात बसलेल्या दोन बाया उठून तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या ओळीला त्यांनी झील धरली. पोलीसबाई येऊन म्हणाली, भेटीची वेळ संपली.

"संपू दे बाई," मावशी म्हणाली. "कडवं संपलं नाई अजून."

पोलीसबाईने एकदा मागे, दाराकडे पाहिलं. मग तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. मावशीने ठेका वाढवला.